रात्री पोटरीत गोळा आला, तर हात चवड्याकडे न्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रात्री दोन-अडीचला पोटरीत अचानक गोळा येतो. माणूस कळवळून उठतो, पाय धरून बसतो, घरचे जागे होतात. एक जण पोटरी दाबायला लागतो, दुसरा तेल कोमट करायला स्वयंपाकघरात जातो, तिसरा ‘नस चढली असेल, पाय झटक’ म्हणतो. कुणी याला पेटका म्हणते, कुणी वांब, कुणी नसेवर नस चढली म्हणते. पन्नाशी ओलांडलेल्यांत आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ही तक्रार फार आढळते. तिच्यावर घरोघरी जे उपाय होतात त्यातले बरेचसे चुकीच्या जागी होतात, म्हणून हे पत्र लिहीत आहोत.

गोळा पोटरीत असला तरी तो सोडवायचा पावलाकडून. गुडघा सरळ ठेवायचा आणि चवडा हळूहळू नडगीकडे ओढून धरायचा. बहुतेक गोळे एवढ्यानेच मिनिटा-दोन मिनिटांत सुटतात. वाचकांनी या पत्रातले बाकी सगळे विसरले तरी चालेल, हे मात्र लक्षात ठेवावे.

नस नसेवर चढत नाही. पोटरीचा वरचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वरून, मांडीच्या हाडापासून निघतो आणि टाचेच्या हाडाला जाड कंडरेने जोडलेला असतो. टाचेच्या वर मागच्या बाजूला दोरीसारखी ताठ लागते ती हीच कंडरा. म्हणजे हा स्नायू गुडघा आणि घोटा असे दोन सांधे ओलांडून जातो. आपण उताणे झोपलो की पाऊल आपल्या वजनाने पुढे झुकते आणि वर जड गोधडी असेल तर आणखी दाबले जाते. पालथे झोपणाऱ्यांचे पाऊल तर गादीवर पार पसरून जाते. अशा वेळी पोटरीचा स्नायू सगळ्यात तोकडा झालेला असतो. त्यातच झोपेत आळस देताना किंवा कूस बदलताना बोटे ताणली जातात. आधीच तोकडा असलेला स्नायू आणखी आवळतो आणि आवळलेलाच राहतो. एरवी स्नायू फार आवळला की कंडरेतले ताण ओळखणारे मज्जातंतू मज्जारज्जूला तसे कळवतात आणि स्नायू सैल पडतो. स्नायू तोकडा असताना कंडरेवर ताणच पुरेसा पडत नाही, त्यामुळे हा निरोप अशक्त जातो, असे आज मानले जाते. चवडा वर ओढला की कंडरा ताणली जाते आणि स्नायू सुटू लागतो. पोटरीवर नुसता अंगठा रोवून दाबल्याने हे काम होत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते. गोळा आला की पहिल्यांदा गुडघा सरळ करा. कळ इतकी असते की माणूस नकळत पाय पोटाशी घेतो. नेमके तेच टाळायचे. गुडघा वाकलेला ठेवून चवडा कितीही ओढला तरी वरचा मोठा स्नायू ताणला जात नाही, कारण त्याचे दुसरे टोक गुडघ्यापलीकडे आहे. पाय गादीवर लांब करा, एक हात गुडघ्यावर ठेवून तो खाली दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने चवडा पकडा. नुसती बोटे नकोत, बोटांच्या मुळाशी असलेला तळव्याचा रुंद भाग पकडा. बोटेच ओढली तर बोटांचे सांधे दुखतात आणि घोटा जागचा हलत नाही. चवडा नडगीच्या दिशेने हळूहळू आणा. झटका देऊ नका, कारण झटक्याने स्नायू उलट आणखी आवळतो आणि कधी त्याचे तंतूही तुटतात. पोटरीत खालपर्यंत ओढ जाणवली की तिथेच थांबा आणि तीस सेकंद धरून ठेवा. श्वास रोखू नका. ओढ कमी झाल्यासारखी वाटली की आणखी थोडे पुढे न्या.

पोट सुटलेले आहे, कंबर धरते, हात पावलापर्यंत पोचत नाही, अशांनी उशाशी एक पंचा ठेवावा. सुती पंचा सगळ्यात चांगला. ओढणी घसरते आणि जाड टॉवेल मुठीत नीट मावत नाही. पंचाची घडी घालून चार बोटे रुंद पट्टा करा, तो चवड्याखाली अडकवा, दोन्ही टोके हातात धरा आणि पाठीवर पडल्या-पडल्याच छातीकडे ओढा. पट्टा पावलाच्या मधल्या खळग्यात सरकला तर ओढ टाचेपर्यंत पोचत नाही, म्हणून तो चवड्यावरच बसला आहे ना ते अंधारातही हाताने चाचपून पाहा. शेजारी कुणी असेल तर त्याने एका हाताने टाच खालून तळहातात धरावी, त्याच हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग तळव्याला टेकवावा आणि आपले अंग पुढे झुकवून चवडा ढकलावा. नुसत्या मनगटाच्या जोरापेक्षा हे सोपे जाते आणि ओढ एकसारखी राहते.

ज्यांना उभे राहणे जमते त्यांनी उभे राहावे, हा उपाय आणखी लवकर लागू पडतो. भिंतीला हात टेका, दुखरा पाय मागे ठेवा, टाच जमिनीला पूर्ण टेकवा आणि अंग पुढे झुकवा. मात्र वयस्कर माणसाने अंधारात ताडकन उठू नये. झोपेतून एकदम उभे राहिल्यावर रक्तदाब क्षणभर उतरतो, भोवळ येते, त्यात एक पाय आखडलेला. पेटका दोन मिनिटांत जातो, पण पडून खुब्याचे हाड मोडले तर महिने जातात. आधी दिव्याचे बटण दाबा, पलंगाच्या काठावर क्षणभर बसा, मग भिंत धरून उठा. दिव्याचे बटण पलंगावरून हाताला येत नसेल तर विजेवर चार्ज होणारा छोटा दिवा उशाशी ठेवावा.

गोळा सुटल्यावर घाई केली की तो पुन्हा येतो, ही तक्रार आम्ही फार ऐकतो. त्याचे कारण साधे आहे. कळ थांबली म्हणून माणूस पाय सोडून देतो, पाऊल पुन्हा पुढे झुकते आणि स्नायू परत तोकडा होतो. म्हणून सुटल्यावरही अर्धा मिनिट चवडा वर धरून ठेवा, मग सावकाश सोडा, चार पावले टाचेवर वजन देत चाला आणि नंतरच आडवे व्हा. पुन्हा झोपताना बोटे ताणून आळस देऊ नका. आळस द्यायचाच तर टाच पुढे ढकलून द्या. एवढी सवय लागली तरी काही जणांचे गोळे बरेच कमी होतात.

चोळायचे ते यानंतर. घोट्याकडून गुडघ्याकडे, हलक्या हाताने, दोन-तीन मिनिटे. तेल तिळाचे घ्या, खोबरेल घ्या, काही फरक पडत नाही, त्याने हात सरकतो इतकेच. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे ठेवली की आराम पडतो. मधुमेहामुळे ज्यांच्या पायाची जाणीव कमी झाली आहे त्यांनी पाणी किती गरम आहे ते पायाने तपासू नये, कोपराने तपासावे किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाला तपासायला सांगावे. या एका चुकीमुळे पोळलेले पाय महिनोन्‌महिने बरे होत नाहीत. दुसऱ्या दिवशी पोटरी ठणकत राहिली तर घाबरू नका, जोराच्या गोळ्यानंतर एखादा दिवस ती दुखरी राहतेच.

लहान मुलाला पोटरीवर उभे करून पाय तुडवून घेण्याची पद्धत आपल्याकडे घराघरांत आहे. ती सोडावी असे आम्ही कळकळीने सांगतो. पायातल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी पोटरी अशीच दुखते, आणि अशा पायावर वजन देणे किंवा तो रगडून चोळणे धोक्याचे असते. पोटरीला किंवा अंगठ्याला घट्ट दोरा बांधण्यानेही काही साधत नाही. आधीच रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाला त्याचा जाच होतो आणि मधुमेह असेल तर दोऱ्याखालची जखम लक्षातही येत नाही.

पोटरीखेरीज इतरत्र गोळा येतो तेव्हा ओढायची दिशा बदलते. स्नायू ज्या बाजूला ओढतो त्याच्या उलट बाजूला सावकाश न्यायचे. तळपायात पेटका येऊन बोटे खाली मुडपली तर बोटे हाताने वर करा आणि अनवाणी फरशीवर उभे राहून चवड्यावर वजन द्या. नंतर बसून पावलाच्या खळग्याखाली लाटणे किंवा पाण्याची भरलेली बाटली दोन मिनिटे पुढे-मागे फिरवा. मांडीच्या मागच्या बाजूला आला तर गुडघा सरळ करून पाय वर उचला. मांडीच्या पुढच्या बाजूला आला तर गुडघा वाकवून टाच ढुंगणाकडे न्या. नडगीच्या बाजूला, पावलाच्या वरच्या अंगाला आला तर मात्र पाऊल खाली झुकवायचे. ‘बोटे वर ओढा’ एवढेच पाठ केलेले असले की नेमकी इथे चूक होते आणि गोळा वाढतो.

आता गोळे येऊच नयेत यासाठी काय करावे. रोज झोपण्यापूर्वी पोटरी आणि मांडीमागचा स्नायू ताणावा, असे आमचे ठाम मत आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या एका चाचणीत पंचावन्न वर्षांपुढच्या ८० जणांना घेतले होते. निम्म्यांनी सहा आठवडे झोपण्याआधी हे दोन स्नायू ताणले, बाकीच्यांनी काही केले नाही. ताणणाऱ्यांचे गोळे दुसऱ्या गटापेक्षा रात्रीमागे सरासरी १.२ ने कमी झाले आणि जे आले त्यांची कळही सौम्य झाली. त्याआधी २००५ साली ब्रिटनमध्ये पायाच्या गोळ्यांसाठी क्विनीन हे औषध घेणाऱ्या साठीपुढच्या माणसांवर झालेल्या चाचणीत मात्र पोटरी ताणण्याचा उपयोग दिसला नव्हता. म्हणजे पुरावा एकमुखी नाही. तरीही ज्या उपायाला एक पैसा लागत नाही, ज्याचा दुष्परिणाम नाही आणि ज्याला पाच मिनिटे पुरतात, तो सगळ्यांत आधी करून पाहावा.

पद्धत अशी. भिंतीपासून दोन फुटांवर उभे राहा, तळहात खांद्याच्या उंचीवर भिंतीला टेकवा. एक पाय एक पाऊल मागे न्या. मागच्या पायाची टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा सरळ आणि बोटे भिंतीकडे सरळ रोखलेली हवीत. सगळ्यात जास्त चूक बोटांची होते. पाऊल बाहेर वळले की ताण पोटरीवर न पडता पावलाच्या आतल्या बाजूला जातो, कमानीवर भार येतो आणि दोन दिवसांनी ‘व्यायामाने पाय दुखायला लागले’ म्हणून माणूस व्यायाम सोडतो. पुढचा गुडघा हळूहळू वाकवत अंग पुढे न्या, मागच्या पोटरीत ओढ आली की तीस सेकंद थांबा. मग त्याच जागी मागचा गुडघाही थोडा वाकवा, टाच उचलू नका. आता ओढ खाली, टाचेच्या वरच्या भागात जाणवेल. पोटरीच्या मोठ्या स्नायूखाली दुसरा चपटा स्नायू असतो, तो गुडघा ओलांडत नाही, म्हणून त्याला गुडघा वाकवूनच ताणावे लागते. इथेही तीस सेकंद. प्रत्येक पायाला दोन-दोन वेळा करा. नंतर पलंगाच्या काठावर बसून एक पाय गादीवर लांब करा, दुसरा खाली जमिनीवर ठेवा, पाठ ताठ ठेवून कमरेतून पुढे वाका. मांडीच्या मागे ओढ आली की पुरे. पाठीला कुबड काढून हात बोटांपर्यंत नेण्याचा हट्ट धरू नका, त्याने मांडी ताणली जात नाही आणि कंबर मात्र धरते.

हे कोरड्या फरशीवर अनवाणी करावे, सरकणाऱ्या पायपुसण्यावर किंवा मोजे घालून करू नये. ज्यांना उभे राहता येत नाही त्यांनी अंथरुणातच पंचाने करावे. चौथ्या दिवशी फरक दिसत नाही म्हणून सोडू नका. तीन ते सहा आठवडे दिल्याशिवाय या उपायाचा निकाल लावू नये.

अंथरुणाकडेही बघा. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरला की घरोघरी जड गोधड्या निघतात, त्या पायथ्याशी गादीखाली घट्ट खोचल्या जातात आणि रात्रभर पावले खाली दाबून ठेवतात. पायथ्याची बाजू मोकळी सोडा. उताणे झोपणाऱ्यांनी तळपाय टेकतील अशी एक घट्ट उशी पायथ्याला उभी ठेवावी, पालथे झोपणाऱ्यांनी पावले गादीच्या काठाबाहेर सोडावीत. थंडीमुळेच गोळे येतात ही समजूत मात्र तपासून पाहण्यासारखी आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या नोंदींचा २०१५ साली अभ्यास झाला, त्यात पायाच्या गोळ्यांवर नव्याने औषध लिहून दिले जाण्याचे प्रमाण जुलैत, म्हणजे तिथल्या भर उन्हाळ्यात, सगळ्यात जास्त आणि जानेवारीत सगळ्यात कमी आढळले. म्हणून आपल्याकडेही एप्रिल-मेमध्ये गोळे वाढले तर त्यात नवल मानू नये.

आता पाण्याविषयी, आणि इथे आम्हाला नाशिकबद्दल थोडे मन मोकळे करायचे आहे. गोड छाटणीनंतर, म्हणजे घड धरण्यासाठीच्या छाटणीनंतर, द्राक्षबागेत विरळणीचे, म्हणजे घडांतले जादा मणी काढून टाकण्याचे काम सुरू होते. पेठ, सुरगाण्याकडून आलेल्या मजूर बायका मांडवाखाली दिवसभर हात वर करून उभ्या असतात. उंची कमी असली की घड हाताला यावा म्हणून टाचा उचलून चवड्यांवर उभे राहावे लागते. म्हणजे जो स्नायू रात्री आखडतो तोच दिवसभर तोकडा आणि ताठ ठेवला जातो. त्यात बागेत आडोसा नसतो, म्हणून त्या सकाळपासून पाणी पीतच नाहीत. दुपारपर्यंत लघवी गडद पिवळी होते, रात्री पोटरी आणि तळपाय दोन्ही आखडतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच काम. या बायकांना गोळ्या-औषधे सांगण्यात काही अर्थ नाही. त्यांना एक वीतभर उंच घट्ट फळी किंवा पाट हवा, म्हणजे टाचा टेकवून काम करता येईल. दर दोन तासांनी पाच मिनिटे बसायला हवे आणि बागेच्या कडेला पत्र्याचे का होईना, दार लागणारे स्वच्छतागृह हवे. निर्यातीच्या द्राक्षावर इतका खर्च करणाऱ्या बागायतदारांना हा खर्च जड नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मशिनपुढे पाळीभर उभे राहणाऱ्या कामगारांचेही तसेच आहे. तिथे निदान पायाखाली रबरी चटई आणि एक पाय आळीपाळीने टेकवायला सहा इंची ठोकळा द्यावा. जेवणाच्या सुट्टीत भिंतीला टेकून अर्धा-अर्धा मिनिट पोटरी ताणायला कुणाचीही परवानगी लागत नाही.

घाम फार गेला असेल तर नुसते पाणी ढसाढसा प्यायल्याने मिठाची तूट भरत नाही. मीठ घातलेले ताक किंवा लिंबाचे सरबत घ्यावे. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात आणि छोटे २०० मिलिलिटरमध्ये मिसळायचे, पाकिटावर लिहिलेले प्रमाण सोडायचे नाही. घरी करायचे तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र मीठ आणि पाणी दोन्हींचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. दिवसभर पंख्याखाली बसून काम करणाऱ्या माणसाच्या रात्रीच्या गोळ्यांमागे मिठाची कमतरता क्वचितच असते, त्याने उगाच मीठ वाढवू नये.

चैत्रात आणि नवरात्रात सप्तशृंगी गडावर चालत जाणारे, श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी करणारे, यांना गोळा बहुधा चालताना येत नाही. तो परतीच्या गाडीत, गुडघे दुमडून आणि पाऊल पुढच्या सीटखाली सरकवून बसल्यावर येतो, किंवा त्या रात्री अंथरुणात. गाडीत बसण्याआधी दोन मिनिटे दोन्ही पोटऱ्या ताणा आणि तासाभराने सीटवरच टाच टेकवून चवडे वर-खाली करा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या दुखतात, ते दुखणे वेगळे. ते उतार उतरल्याचे, आपोआप जाते.

आता औषधांच्या गोळ्यांविषयी थोडक्यात. ‘मॅग्नेशियम घ्या’ हा सल्ला सध्या सगळीकडे ऐकू येतो. कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २०२० सालच्या आढाव्यात, आधीच्या चाचण्या एकत्र तपासून, वयस्कर लोकांच्या पेटक्यांवर मॅग्नेशियमचा लक्षणीय उपयोग होण्याची शक्यता कमी आहे असा निष्कर्ष निघाला. त्याने जुलाब होतात, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर ते अंगात साठते. केळे जरूर खा, पण ते खाल्ल्यावर रक्तातले पोटॅशियम किंचितच आणि तेही अर्ध्या तासाने वाढते. पोटरी आखडलेली असताना केळे सोलून उपयोग नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तर केळी आणि शहाळ्याचे पाणी या दोन्हींपासून डॉक्टरांना विचारल्याशिवाय दूर राहावे. लोणच्याचा खार पिण्याचा उपाय परदेशातून आला आहे. तिथे ज्या पाण्यावर प्रयोग झाले ते खारवलेल्या काकडीचे व्हिनेगरयुक्त पाणी होते, आपल्या तेलातल्या कैरीच्या लोणच्याला तो निष्कर्ष लावता येत नाही. जीवनसत्त्व के-२ चा रोज १८० मायक्रोग्रॅम डोस दिल्यास गोळे कमी होतात असे २०२४ साली चीनमधल्या एका चाचणीत दिसले. चाचणी आशादायक आहे, पण ती एकच आहे. रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा एसिनोकुमारॉल घेणाऱ्यांनी तर हे जीवनसत्त्व स्वतःहून अजिबात घेऊ नये, त्या औषधांचा परिणाम त्याने कमी होतो. क्विनीन पूर्वी यासाठी देत. त्याने प्लेटलेट धोकादायकरीत्या उतरू शकतात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पायाच्या गोळ्यांसाठी ते वापरू नये असा स्पष्ट इशारा दिलेला आहे.

आधीपासून चालू असलेल्या औषधांकडे मात्र लोक बघतच नाहीत. रक्तदाबासाठीची लघवी वाढवणारी औषधे, उदाहरणार्थ हायड्रोक्लोरोथायझाइड आणि क्लोरथॅलिडोन, तसेच दम्याच्या काही पंपांतली साल्मेटेरॉल, फॉर्मोटेरॉल ही औषधे, यांच्याबरोबर गोळे वाढलेले आढळतात. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिनचे नाव घेतले जाते, पण तिथला पुरावा कमकुवत आहे. यांपैकी काहीही आपल्या मनाने बंद करू नका. रक्तदाबाची गोळी अचानक सोडण्याचा धोका पायाच्या गोळ्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. त्याऐवजी दोन आठवड्यांची नोंद ठेवा. तारीख, वेळ, कोणता पाय, किती मिनिटे, त्या दिवशी किती उभे राहिलात किंवा चाललात, आणि कोणते औषध नवीन सुरू झाले. हा कागद आणि औषधांची पाकिटे घेऊन डॉक्टरांकडे जा. त्यांना वाटल्यास सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन, साखर आणि थायरॉईड या साध्या रक्ततपासण्यांतून बरेच कळते.

गरोदर बायकांनी वर सांगितलेला पंचाचा उपाय निर्धास्त करावा, फक्त पाठीवर जास्त वेळ न पडता कुशीवर वळून किंवा बसून करावा. कॅल्शियमच्या गोळ्या सरकारी केंद्रातून मिळतात त्या चालू ठेवाव्यात, पण गोळे येतात म्हणून त्यांची संख्या दुप्पट करू नये. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. तेव्हा एकाच पायाची पोटरी दुखत राहिली तर गोळा समजून चोळत बसू नये.

हाच फरक सगळ्यांनी ओळखायला शिकले पाहिजे. गोळा येतो, हाताला टणक लागतो आणि जातो. एक पाय सुजला आहे, गरम आणि लालसर लागतो, दुखणे तासन्‌तास हटत नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर एक मिनिटही थांबू नका, १०८ ला फोन करा. चालताना पोटरी भरून येते आणि थांबल्यावर सुटते, किंवा रात्री पाऊल दुखते आणि पलंगाखाली लोंबकळत सोडले की बरे वाटते, तर रक्तवाहिन्या तपासून घ्या. तंबाखू, विडी आणि मधुमेह असेल तर आधी. जळजळ, मुंग्या, बधिरपणा ही नसांच्या आजाराची खूण. पाय सतत हलवावासा वाटतो, हलवला की बरे वाटते, पण गोळा मात्र लागत नाही, हा आणखी वेगळा विकार आहे आणि त्यावर वेगळे उपचार आहेत. पाय बारीक होत चालला, शक्ती कमी झाली, हात-पाठीतही गोळे येऊ लागले किंवा स्टॅटिन चालू असताना अंग दुखून लघवी चहासारखी काळपट झाली, तर घरगुती उपाय बाजूला ठेवा.

आपल्याला एक विनंती आहे. हे पत्र छापताना शक्य झाल्यास सोबत दोन साधी रेखाचित्रे द्यावीत. एकात पंचा चवड्यावर अडकवून, गुडघा सरळ ठेवून ओढणारा माणूस, दुसऱ्यात भिंतीला टेकलेला, मागची टाच जमिनीवर आणि बोटे भिंतीकडे रोखलेली. ज्यांना वाचता येत नाही अशा बागेतल्या बायकांना ते चित्र पुरेल, आणि मुकादम ते कापून मांडवाच्या खांबाला लावू शकेल.

आपले,
नाशिकमधील दोन फिजिओथेरपिस्ट